मधल्या टप्प्यातील घर

पुणे मेट्रोचा रूबी हॉल ते रामवाडी हा मार्ग ६ मार्च २०२४ रोजी सुरू झाला. बंडगार्डन, कल्याणीनगर आणि रामवाडी ही स्थानके प्रवाशांसाठी खुली झाली. येरवडा स्थानक मात्र बंद राहिले. रूळ होते, फलाट होता, छत होते. स्थानकात येण्याच्या वाटेचे काम तेवढे अपुरे होते. २१ ऑगस्ट २०२४ रोजी ते खुले होईपर्यंत, म्हणजे सुमारे साडेपाच महिने, गाड्या तेथे न थांबता पुढे जात राहिल्या.

घराच्या अंतर्गत सजावटीचेही पुष्कळदा असेच होते. दिवाणखान्याच्या छतावर नक्षी चढलेली असते, कपाटांना लॅमिनेट लागलेले असते, आल्यागेल्याला दाखवण्याजोगे बरेच काही तयार असते. तेवढ्यात न्हाणीघराची ओल शेजारच्या भिंतीत उतरू लागते आणि नवी कोरी टाइल उकरावी लागते. अशा वेळी दोष सामान्यतः गवंड्याला किंवा प्लंबरला दिला जातो. परंतु चुकीचे मूळ बहुधा मधल्या टप्प्यात असते. त्या टप्प्यात घराकडे कोणी नीट पाहिलेले नसते.

सजावटीची छायाचित्रे पाहिली तर ती दोनच प्रकारची आढळतात : कामापूर्वीची आणि कामानंतरची. मधल्या महिन्यांचे छायाचित्र कोणी जपून ठेवीत नाही. भिंतींत झिऱ्या पडलेल्या, तारा लोंबकळणाऱ्या, सिमेंटची पोती दारात, राडारोड्याचा ढीग कोपऱ्यात आणि सर्वत्र धुळीचा थर, असे ते घर असते. निम्म्याहून अधिक पैसा खर्च झालेला असतो आणि डोळ्यांना दिसेल असे काहीच झालेले नसते. घरातील कुरबुरी याच काळात वाढतात, कंत्राटदाराशी बोलणे याच काळात तुटते आणि घाईचे निर्णयही याच काळात घेतले जातात. पेठांतील दुकान तेथेच ठेवून नदीपलीकडे येरवडा, कल्याणीनगर, विमाननगर या भागांत राहते घर घेणाऱ्या व्यापारी कुटुंबांना हा काळ चांगला परिचयाचा आहे.

काम थांबल्यासारखे का वाटते

अंतर्गत कामाचा एक ठरलेला क्रम असतो. प्रथम तोडफोड आणि राडारोडा हलवणे, मग नव्या भिंती, त्यानंतर पाण्याच्या व विजेच्या वाहिन्यांसाठी झिऱ्या, जलरोधक थर, गिलावा, फरशी व टाइल, छताचे काम, सुतारकाम, लांबी आणि रंग, सर्वांत शेवटी दिवे, पंखे आणि नळाच्या तोट्या. पहिली पाच कामे भिंतीच्या किंवा फरशीच्या आत दडतात. ज्या कामांवर घराचे आयुष्य अवलंबून असते ती कामे अशी दिसेनाशी होणारी असतात, हे या क्रमाचे वैशिष्ट्य आहे.

या टप्प्यात काही दिवस कारागीर येत नाहीत. मालकाला वाटते की काम रखडले. पुष्कळदा ते थांबणे आवश्यक असते. सिमेंट केवळ वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. म्हणून नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. पाणी कमी पडले तर गिलावा भुसभुशीत राहतो आणि त्याला बारीक तडे जातात. न्हाणीघराच्या फरशीला जलरोधक थर दिल्यावर तेथे पाणी साठवून किमान एक-दोन दिवस ठेवतात आणि खालच्या मजल्याच्या छताला ओल येते का, ते पाहतात. भिंत ओली असताना लांबी व रंग लावला तर काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. प्लायवूड ओल्या भिंतीला टेकवून ठेवले तर कडेने फुगते. पावसाळ्यात हा धोका वाढतो. चातुर्मासात गिलावा वाळण्यास अधिक वेळ लागतो, हे वेळापत्रक आखतानाच धरले पाहिजे. गणपती किंवा दसऱ्याचा मुहूर्त आधी ठरवून मागे मोजत येणाऱ्यांचा हिशेब येथेच चुकतो.

खरी दिरंगाई निराळ्या कारणाने होते आणि तिचा उगम बहुधा मालकाच्याच घरात असतो. गरम-थंड पाण्याच्या नळाचा एक भाग भिंतीच्या आत बसवावा लागतो. म्हणून नळ कोणता, हे टाइल लावण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. पलंग कोणत्या भिंतीला येणार, यावर विजेची बटणे कोठे येतील ते अवलंबून असते. शेगडीची जागा बदलली तर गॅसची, पाण्याची आणि धूर ओढणाऱ्या यंत्राची अशा तीन वाहिन्या बदलतात. तोट्यांचा रंग आणि टाइलचा नमुना यांवर आठवडे घालवणारे कुटुंब बटणांच्या जागा मात्र वायरमनच्या अंदाजावर सोडते. पुढे दहा वर्षे पलंगामागे हात घालून बटण शोधावे लागते.

भिंत बंद होण्यापूर्वी

व्यापारी घराला मालाची पारख शिकवावी लागत नाही. गाठोडे सोडून, कापड उलगडून, धान्य मुठीत घेऊन पाहिल्याशिवाय पेढीवर माल उतरत नाही. घराच्या कामात मात्र तेच कुटुंब माल भिंतीआड गेल्यावर पाहायला येते. मधल्या टप्प्यात पुढील गोष्टी स्वतः उभे राहून पाहाव्यात.

पाण्याच्या वाहिन्या टाइलखाली जाण्यापूर्वी त्यांत दाबाने पाणी भरून गळती तपासून घ्यावी. सांडपाण्याचा उतार जाळीकडे आहे ना, हे फरशी बसण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून पाहता येते. उतार चुकलेला असेल तर त्या दिवशी दुरुस्तीला काही तास लागतात. फरशी बसल्यावर तीच दुरुस्ती आठवड्याची होते.

विजेच्या तारांवर आयएस ६९४ हे मानक छापलेले असते. सामान्यतः दिव्या-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, साध्या प्लगसाठी अडीच आणि वातानुकूलन यंत्र किंवा गिझर यांसाठी चार चौरस मिलिमीटरची तार वापरतात. वातानुकूलन यंत्र, गिझर आणि स्वयंपाकघरातील जड उपकरणे यांची वाहिनी स्वतंत्र असावी. अर्थिंग प्रत्येक प्लगपर्यंत पोहोचले पाहिजे. विजेचा झटका जिवावर बेतण्यापूर्वी प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी मुख्य पेटीत असावे. दीड-दोन हजार रुपयांची बचत येथे करू नये. लहान मुले आणि वृद्ध यांच्या जिवाशी तिचा थेट संबंध आहे.

प्लायवूडवर लॅमिनेट चढले की आतला माल कळत नाही. सामान्य वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० ही मानके आहेत. ओट्याखालच्या कपाटांना दुसऱ्या प्रकारचे प्लायवूड हवे. शयनगृहातील माळ्याला त्याची गरज नसते. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये स्वतः जाऊन माल निवडला तरी तोच माल कामावर उतरला का, हे शिक्का पाहून पडताळावे. कापलेल्या तुकड्याची कड पाहिली तर थरांमधील पोकळी दिसते.

खांब, तुळई आणि स्लॅब यांना हात लावण्यापूर्वी इमारतीच्या संरचना-अभियंत्याचे मत घ्यावे आणि सोसायटीची लेखी संमती घ्यावी. दोन खोल्यांची एक करण्याच्या हौसेत तुळईला झिरी मारली जाते. तिचा परिणाम वरच्या साऱ्या मजल्यांना भोगावा लागतो. नव्या सदनिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकसकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करावा, असे बंधन आहे. परंतु स्वतःच तोडफोड केलेल्या जागी मूळ दोष कोणाचा, हा वाद उभा राहतो. म्हणून ताबा घेताना आणि तोडफोडीपूर्वी प्रत्येक भिंतीची, छताची आणि न्हाणीघराची छायाचित्रे दिनांकासह घ्यावीत.

छायाचित्रे दुसऱ्या कारणासाठीही हवीत. झिऱ्या बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी लावून, एक छायाचित्र घ्यावे. जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर वाहिनी गेली आहे, ते त्यात दिसले पाहिजे. पाच वर्षांनी भिंतीवर आरसा लावायचा असेल तेव्हा खिळा कोठे ठोकू नये, हे सांगणारा दुसरा कोणताही कागद घरात नसतो. ही छायाचित्रे खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवावीत.

येरवड्यातील मोकळा मजला

मधला टप्पा चुकला की काय होते, याची उदाहरणे पुष्कळ असतात. तो विचारपूर्वक आखला तर काय साधते, याचे उदाहरण येरवड्याच्या वस्त्यांतच सापडते.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा हा त्याचा एक भाग होता. त्या योजनेखाली येरवड्यातील नेताजीनगर, मदर तेरेसानगर, यशवंतनगर आदी वस्त्यांत कच्च्या घरांच्या जागी पक्की घरे बांधण्याचे ठरले. स्पार्क ही संस्था आणि वस्त्यांतील स्त्रियांचे बचतगट एकत्र आणणारी महिला मिलन ही संघटना या कामात होती. फिलिप बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या वास्तुरचनाकारांनी २००९ च्या सुमारास टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या घराची कल्पना मांडली, आणि पुण्याचे वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी प्रत्यक्ष आराखडे व बांधकाम यांची जबाबदारी सांभाळली.

वस्ती रिकामी करून सर्वांना दूरच्या उंच इमारतीत हलवण्याची रीत येथे टाळली गेली. जी घरे पक्की होती ती राहिली. कच्ची होती ती पाडून त्याच जागी नवी उभी करायची होती. गल्ल्या आणि शेजार बहुतांशी होते तसेच राहिले. प्रत्येक घराचे क्षेत्र सुमारे २७० चौरस फूट आणि खर्च सुमारे ३ लाख रुपये धरला होता. त्यात केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा ३०, महानगरपालिकेचा १० आणि कुटुंबाचा १० टक्के असे.

मूळ कल्पनेत घराचे तीन प्रकार होते. पहिल्यात घर दोन मजल्यांचे, परंतु पाया व खांब तीन मजल्यांचा भार पेलतील असे. पुढे पैसा जमला की कुटुंबाने वरचा मजला चढवावा. दुसऱ्यात घर खांबांवर उचललेले. तळमजला मोकळा, तेथे गाडी लावावी किंवा दुकान काढावे. तिसऱ्या प्रकारात खालचा आणि वरचा मजला बांधलेला, आणि मधला मजला मोकळा सोडलेला. तो आज अंगणासारखा वापरता येईल, उद्या शिवणयंत्र ठेवून काम करण्याची जागा होईल आणि परवा भिंती घालून खोली करता येईल, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्ष बांधताना जागेच्या मापानुसार आणि कुटुंबाच्या गरजेनुसार आराखडे बदलत गेले. ज्यांना अधिक चांगली फरशी किंवा थोडी अधिक जागा हवी होती त्यांनी स्वतःची भर घातली.

या रचनेत काय पूर्ण केले आणि काय अपुरे ठेवले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाया, खांब, जिना, पाण्याची व मैल्याची वाहिनी ही कामे पहिल्याच दिवशी पुरती झालेली असली पाहिजेत, कारण ती नंतर कुटुंबाला एकट्याने करता येत नाहीत. भिंत, खिडकी, फरशी, रंग ही कामे कुटुंब सवडीने करू शकते. म्हणून उशिरा करण्याजोग्या गोष्टी मागे ठेवल्या. मेट्रो स्थानकाच्या बाबतीत बाकी सारे उभे राहून वाट राहिली होती. या घरांत वाट, जिना आणि खांब आधी उभे राहिले आणि खोली मागे राहिली. दोन्ही कामे अपुरीच म्हणायची. एक साडेपाच महिने कोणाच्या उपयोगी पडले नाही, आणि दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून संसार मांडता येत होता.

स्पार्क आणि महिला मिलन यांच्या कामाची आणखी एक रीत येथे सांगण्याजोगी आहे. घर बांधण्यापूर्वी लाकूड व कापड वापरून खऱ्या मापाची प्रतिकृती उभी करायची आणि वस्तीतील स्त्रियांनी तिच्यात फिरून पाहायचे, ही पद्धत या संघटनांनी मुंबईपासून वापरली आहे. कागदावरचा नकाशा वाचता न येणारी स्त्रीही कापडाच्या भिंतीमध्ये उभी राहिली की चूल कोठे हवी आणि मोरी कोठे हवी, ते नेमके सांगते. कोट्यवधींच्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबानेही हे करून पाहावे. ओट्याची आणि कपाटांची जागा जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने आखावी आणि घरातील स्त्रियांनी तेथे उभे राहून रोजच्या हालचाली करून पाहाव्यात. आजी पाणी भरण्यासाठी वाकते ती जागा, सुनेचा हात पोहोचतो ती उंची आणि दोघी एकाच वेळी ओट्याशी उभ्या राहिल्या तर उरणारी वाट, हे संगणकावरील रंगीत चित्रात कळत नाही.

या कामाची कठीण बाजूही होती. जुने घर पाडल्यापासून नवे उभे राहीपर्यंत कुटुंबाने नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायचे असते. कामाचा प्रत्येक लांबलेला आठवडा भाड्याच्या रूपाने त्याच कुटुंबावर पडतो. ज्यांची कमाई दिवसाची दिवसाला खर्च होते त्यांच्यासाठी मधला टप्पा हा केवळ गैरसोयीचा काळ राहत नाही. तो कर्जाचा काळ होतो. सजावट लांबली म्हणून कंटाळणाऱ्या सुस्थित कुटुंबाने हे ध्यानात ठेवणे बरे.

पुण्यात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराचे उदाहरण

वाढत्या घराचा हा विचार पुण्याला परका नाही. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात झाला. त्यांच्या घरात फर्निचरचा पिढीजात व्यवसाय होता. कुटुंब वाढेल तसे घर वाढत गेले, मजले चढत गेले, हे त्यांनी लहानपणी पाहिले. २०१८ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय वास्तुरचनाकार ठरले.

इंदूरजवळील अरण्य वसाहतीत त्यांनी हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर वापरला. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या त्या वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबाला जोते, पाण्याची व मैल्याची सोय आणि त्याभोवतीचे लहानसे बांधकाम एवढेच दिले गेले. पुढचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उभारायचे होते. घरे कशी वाढू शकतात, हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे बांधली होती. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात इकीके शहरी अलेहांद्रो आरावेना यांनी २००४ च्या सुमारास ९३ कुटुंबांसाठी घरे बांधली, तीही याच तत्त्वावर. सरकारी अनुदानात पूर्ण घर बसत नव्हते; तेव्हा लहान आणि हलके पूर्ण घर देण्याऐवजी त्यांनी चांगल्या घराचा निम्मा भाग दिला. त्या निम्म्यात न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिना आणि मधल्या भिंती होत्या. उरलेला निम्मा कुटुंबांनी बांधून घेतला.

कोठे थांबावे, हे आधी ठरवणे

ज्यांच्या हाती पैसा मोजका आहे त्यांच्यासाठी केलेला हा विचार सुस्थित घरालाही तितकाच लागू पडतो. पैसा कितीही असला तरी पुढच्या पंधरा वर्षांचे घर आज कोणाला नेमके ठाऊक नसते. तीन वर्षांच्या मुलासाठी भिंतीत पक्का बसवलेला लहान पलंग त्याच्या सातव्या वर्षी अडचण होतो. लग्न व्हायच्या मुलाची खोली येणाऱ्या सुनेला न विचारता कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत भरून टाकली जाते. आज जिने चढणाऱ्या आजोबांना दहा वर्षांनी न्हाणीघरात धरायला दांडी लागेल, याचा विचार टाइल लावताना होत नाही. तो केला असता तर भिंतीत योग्य जागी पक्का आधार भरून ठेवणे फार खर्चाचे नव्हते.

म्हणून कामाच्या आरंभी दोन याद्या कराव्यात. पहिली, जे आजच पुरते झाले पाहिजे त्याची : जलरोधक थर, वाहिन्या, विजेची मुख्य पेटी, फरशी, खिडक्या, न्हाणीघरे, स्वयंपाकघराचा ओटा. दुसरी, जे नंतर केले तरी चालेल त्याची : दिवाणखान्यातील शोभेची कपाटे, पाहुण्यांची खोली, छतावरील नक्षी, भिंतीवरील लाकडी आवरण. पैसा कमी पडू लागला की कात्री दुसऱ्या यादीला लावावी. व्यवहारात नेमके उलट घडते. दिसणारे टिकते आणि न दिसणाऱ्याचा दर्जा उतरवला जातो. पुढे लागेल असे वाटणाऱ्या ठिकाणी रिकामी नळी भिंतीत टाकून ठेवावी, म्हणजे तार नंतर ओढता येते. एक खोली केवळ रंग देऊन मोकळी ठेवण्यात कमीपणा नाही. गरज काय आहे, ते घरात राहू लागल्यावर तीच खोली सांगते.

काम चालू असताना तेथेच राहायचे असेल तर एक स्वयंपाकाची जागा आणि एक न्हाणीघर शेवटपर्यंत चालू राहील, असा क्रम लावावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरात लाकूड व फरशी कापण्याचे काम संध्याकाळी चार-साडेचारपर्यंत आटोपेल, असे कारागिरांशी आधीच बोलून ठेवावे. पाणी मारण्यासाठी भरून ठेवलेली पिंपे झाकलेली असावीत आणि साचलेले पाणी वेळेवर काढावे, म्हणजे त्यात डासांची उत्पत्ती होत नाही. दमा असलेल्या वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना कापणीच्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे.

पैसा आणि माणसे

मधल्या टप्प्यातील बहुतेक भांडणे पैशाची असतात. कंत्राटदार तारखेप्रमाणे हप्ता मागतो, मालक काम दिसत नाही म्हणून हात आखडता घेतो. यावर उपाय म्हणजे हप्ते तारखेशी न बांधता तपासलेल्या कामाशी बांधणे. न्हाणीघराची पाण्याची चाचणी झाली की एक हप्ता, वाहिन्यांची तपासणी व छायाचित्रे झाली की दुसरा, सुतारकामाचे सांगाडे लॅमिनेट चढण्यापूर्वी पाहिले की तिसरा, असे कराराच्या कागदावरच लिहावे. शेवटची पाच ते दहा टक्के रक्कम उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी पुरी होईपर्यंत राखून ठेवावी. मध्येच सुचलेला प्रत्येक बदल, त्याचा खर्च आणि त्याने वाढणारे दिवस, हे दोघांच्या सहीने त्याच दिवशी लिहून ठेवावे. रोजमेळ रोज लिहिणाऱ्या घराला हे जड जाऊ नये.

या व्यवहाराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ठरलेले काम तपासून झाले असेल तर ठरलेला पैसा त्याच दिवशी द्यावा. सुताराचा, गवंड्याचा आणि त्यांच्या हाताखालच्या पोराचा आठवड्याचा पगार त्याच हप्त्यातून निघतो. आपल्या गिऱ्हाइकाकडे थकलेल्या उधारीने पेढी कशी अडते, हे व्यापाऱ्याइतके कोणाला कळणार? तीच अडचण आपल्या घरात काम करणाऱ्या माणसावर आणणे शोभत नाही. फरशी कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत साठते. कारागिरांना नाकावर बांधायला चांगला मास्क द्यावा, कापताना पाणी सोडण्याचा आग्रह धरावा, पिण्याचे स्वच्छ पाणी आणि हात-पाय धुण्याची जागा द्यावी. कित्येकदा तेच कामाच्या जागी रात्री झोपतात; तेथे वारा खेळतो का आणि विजेची उघडी तार नाही ना, हे मालकाने पाहिले पाहिजे.

घराचे काम चालू असताना आठवड्यातून एक सकाळ राखून ठेवावी आणि कुटुंबातील थोर-लहान सर्वांनी त्या अपुऱ्या घरातून एक फेरी मारावी. भिंत उघडी आहे तोवर प्रश्न विचारता येतात आणि उत्तर डोळ्यांनी पाहता येते. रंग चढला की तेच उत्तर कोणाच्या तरी शब्दावर विसंबून स्वीकारावे लागते.